चुकारा कुठे अडला?

गोंदिया जिल्ह्यातल्या धान उत्पादकाला इंटरनेट नको म्हणायची सोय आज उरलेली नाही. आधारभूत किमतीने धान विकायचे तर मार्केटिंग फेडरेशनच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रासाठी ऑनलाइन नोंदणी हवी. नोंदणीला सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक हवे. आणि सातबाऱ्यावर धानाचा पेरा दिसायचा तर आधी ई-पीक पाहणी झालेली हवी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधीवर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा असतो. खेड्यापर्यंत इंटरनेट कसे न्यावे, हा प्रश्न त्यामुळे इथे शिळा झाला आहे. ते आले, आणि सक्ती म्हणून आले. शेतकऱ्याने सरकारला इतके कळवल्यावर सरकार त्याला उलट काय कळवते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. माझ्या मते या तंत्रज्ञानाची उपयुक्तता तिथेच तपासली पाहिजे.

हे तपासायला वारणेचा अनुभव अजून उपयोगी आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आखला गेला. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळेच त्यातून मिळेल अशी अपेक्षा होती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी पाहिले तेव्हा लोक केंद्रावर येत होते ते प्रामुख्याने वारणेच्या साखर कारखान्याच्या हिशेबासाठी: ऊस किती भरला, खत किती उचलले, पैसे कधी. मग सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, आणि तेवढ्यावर काम भागले. मेळघाटातल्या हरिसालची कथा उलटी. २०१६ मध्ये ते देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले आणि २०१९ च्या प्रचारात राज ठाकरे यांनी तिथली दुरवस्था व्हिडिओ लावून सभांमध्ये दाखवली. राजकारण बाजूला ठेवले तरी फरक उरतोच. वारणेत शेतकऱ्याला स्वतःच्या खात्यातला आकडा दिसत होता, म्हणून साधने बदलली तरी त्याची गरज टिकली.

गोंदियाची अडचण अशी की इथे वारणेच्या कारखान्यासारखी एकच वही नाही. सातबारा महसूल खात्याचा, खरेदी फेडरेशनची किंवा महामंडळाची, खाते बँकेचे, निधी वरून येणार. चुकारा अडला तर नावात चूक आहे, खाते जुळत नाही की पैसाच आलेला नाही, हे सांगण्याची जबाबदारी यांपैकी कुणा एकाची नसते. माहिती वर चढताना सगळे दुवे जुळतात. उत्तर खाली येताना प्रत्येक जोडावर गळते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेल्या जिल्ह्यात व्यापाऱ्याचे धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर खपवले जाऊ शकते. मग पुरावा मागायचाच नाही का? मागावा. पण पुरावा देणाऱ्याला चूक सुधारता आली पाहिजे, आणि ते जमते हे ई-पीक पाहणीनेच दाखवले. २०२२ च्या आवृत्तीत शेतकऱ्याचे स्वयंघोषित पीक ग्राह्य धरले गेले, तलाठ्याकडे पडताळणी दहा टक्क्यांचीच उरली आणि नोंद दुरुस्त करायला ४८ तास मिळाले. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणजे शेजाऱ्याचा फोनही चालतो. नव्या टॉवरइतकेच मोल मी या बारीकसारीक सवलतींना देईन. याच्या शेजारी रोजगार हमीची हजेरी ठेवून पाहा. १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. ॲप मेटच्या हातात, रेंज देवाच्या हातात, आणि फोटो गेला नाही तर मजुरी बुडण्याची भीती तलावाचा गाळ उपसणाऱ्या बाईला. फोटो इथेही आहे, तिथेही आहे; दुरुस्तीचा अधिकार मात्र या बाईकडे नाही.

लोक शिकलेले नाहीत, हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवरून गोंडीसह स्थानिक भाषांत तक्रार बोलून नोंदवण्याची सोय केली. ऐकणारे संबंधित अधिकाऱ्याला फोन करत, आणि बंद पडलेला हातपंप, थकलेली मजुरी असे प्रश्न सुटत. २०१७ मध्ये मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली, हे अभिमानाचेच. पण देवरी-सालेकसा पट्ट्यात पैसे का अडले हे विचारायला लिपीपेक्षा आवाज लवकर कामी येईल. गोंडी, छत्तीसगढी, पोवारी, झाडीबोली, ज्याला जी येते ती.

आणि गावातले उत्तर एकेकट्याच्या फोनवरच आले पाहिजे असेही नाही. सातबारा संगणकीकरणाच्या वेळी महसूल खात्याने चावडीवाचन केले, लोकांनी चुका दाखवल्या, नोंदी दुरुस्त झाल्या. धानाच्या हंगामात हेच पंधरवड्याला ग्रामसभेत करता येईल. नोंदणी झाली, मोजणी झाली, देयक वर गेले, बँकेत अडले: प्रत्येक नावापुढे एवढाच टप्पा वाचावा. रक्कम वाचू नये. कुणाला किती मिळाले हे सावकारानेही ऐकायचे कारण नाही.