उपचार संपले, पथ्य नाही

रमजानचा चांद दिसला की घरातल्या बाईचा दिवस पहाटे सगळ्यांच्या आधी सुरू होतो. सहेरी, मुलांचे डबे, दुपारपासून इफ्तारची तयारी, रात्री तरावीह. स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली बाईही यात मागे राहत नाही. ऑपरेशन झाले, किमो झाली, आता सगळे रोजे ठेवणार, असे ती म्हणते. तिची उमेद योग्यच आहे. पण या आजारात उपचारांनंतरची वर्षेही तितकीच महत्त्वाची असतात.

अनेकींना हार्मोनची गोळी 5 वर्षे, काहींना 10 वर्षांपर्यंत रोज घ्यावी लागते. रोज्याच्या गडबडीत ती चुकता कामा नये. दिवसातून एकदाचीच गोळी असेल, तर ती इफ्तारनंतर किंवा सहेरीला घेता येईल का, हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा येतात, घाम सुटतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून रात्री पुरेसे पाणी, आहारात दूध, दही, डाळी हव्यात.

डॉक्टर 'नको' म्हणाले तर मनाला लावून घेऊ नये. सूरह अल-बकराच्या 184 व 185 क्रमांकाच्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे: राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. ज्यांना ते कधीच झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, म्हणजे फिदयाचा मार्ग आहे. सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे.

खरी परीक्षा इफ्तारच्या दस्तरखानावर असते. उपचारांनंतर अनेकींचे वजन वाढते आणि वाढलेले वजन या आजारात चांगले नाही. भजी, समोसे, सरबते रोज नकोत. खजूर, फळे, हरभऱ्याची चाट आणि साधे जेवण पुरते. नवरात्रात साबुदाणा-बटाट्यावर राहणाऱ्या भगिनींनाही हेच लागू आहे. मिश्री आणि तंबाखू मात्र बाराही महिने बंद.

आठवड्याला 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, भरभर चालावे. रमजानात त्यासाठी इफ्तारनंतरची वेळ बरी. काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. त्या हाताने बिर्याणीचे भरलेले पातेले उचलू नये. सुरी लागणे, तेल उडणे यांपासून त्याला जपावे. पण हात निकामा ठेवणेही चूक. शिकवलेले व्यायाम चालू ठेवावेत.

तपासणीची तारीख ईदनंतरवर ढकलू नये. नवी गाठ, न थांबणारे हाडांचे दुखणे, धाप, पाळी गेल्यावर रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दाखवावे.

आणि घरच्यांनो, यंदा इफ्तारची भांडी तुम्ही घासा. तिला तेवढा वेळ चालायला जाऊ द्या.