घास गिळता येतो का?

कर्करोग समजून घेताना : लेखांक ६

किरणोपचाराचा डोस कसा ठरतो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात साधारण ६६ ते ७० ग्रे डोस आठवड्यातले पाच दिवस, असा सहा-सात आठवडे विभागून दिला जातो. लाळग्रंथीला त्यातले किती ग्रे पोहोचले, हे संगणक दशांशापर्यंत सांगतो. त्या डोसाने माणसाच्या जेवणाचे, झोपेचे, बोलण्याचे काय झाले, याची चौकशी मात्र बहुधा “कसं आहे?” एवढ्यावरच आटोपते आणि “बरं आहे, डॉक्टर” या उत्तरावर संपते. सातारा-सांगलीच्या गावांत तंबाखू आणि मिश्रीचे व्यसन जुने आहे. कराड आणि मिरजेत किरणोपचाराची, म्हणजे बोलीतल्या ‘लाइट’ची, सोय झाल्याने प्रत्येकाला मुंबई किंवा बार्शी गाठावी लागत नाही. उपचार जवळ आले आहेत, तर त्यांच्या परिणामांची नोंदही नीट व्हायला हवी. त्या नोंदीतला एक रकाना रुग्णानेच भरायचा असतो, असे माझे म्हणणे आहे.

हा रकाना कसा भरायचा, याची पद्धत तयार आहे. युरोपातील कर्करोग संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. डोके-मानेच्या कर्करोगासाठी तिला ३५ प्रश्नांची पुरवणी आहे. गेल्या आठवड्यात तोंड कोरडे पडले का, लाळ चिकट झाली का, घट्ट अन्न गिळताना त्रास झाला का, तोंड पुरेसे उघडते का, घरच्यांसमोर जेवणे अवघड वाटते का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. बहुतेकांची उत्तरे ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पायऱ्यांत द्यायची. आपल्याकडच्या ताटाशी हे प्रश्न ताडून पाहा. लाळ नसली की ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात कालवला जात नाही, टाळ्याला चिकटतो. मग भाकरी आमटीत कुस्करली जाते, पुढे ती सुटून ताक-भात येतो, शेवटी नुसती पेज. स्कॅनमध्ये गाठ दिसत नसते, तरी माणूस महिन्यागणिक वाळत जातो. हे स्कॅन सांगत नाही. विचारले तर रुग्ण सांगतो.

अशा सांगण्याला शास्त्रात वजन आहे का? टाटा स्मारक केंद्राच्या ‘पार्सर’ चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांची तुलना झाली. काहींना जुन्या त्रिमितीय पद्धतीने, तर काहींना प्रतिमांच्या आधारे नेमके वळवलेले किरण दिले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, नव्या पद्धतीत २१.१ टक्के आढळला. रोग आटोक्यात राहण्यात मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे फक्त रोगाकडे पाहिले असते, तर दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या असत्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत डॉक्टरांच्या नोंदींसोबत स्त्रियांची स्वतःची उत्तरेही होती. नव्या पद्धतीत जुलाब कमी आणि भूक बरी, असे त्यांनीच सांगितले.

डॉक्टरांचीच नोंद पुरे नाही का, असे कोणी विचारेल. उलटी-जुलाबासारखी दिसणारी लक्षणे डॉक्टर बऱ्यापैकी टिपतात. थकव्यासारख्या न दिसणाऱ्या लक्षणांत रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नोंदींत अंतर पडते, असे अमेरिकेतल्या सुमारे ४०० रुग्णांच्या २००६ मधील अभ्यासात आढळले. कोरडे तोंड हेही असेच, बाहेरून न दिसणारे दुखणे आहे. दुसरा आक्षेप असा, की माणूस त्रासाला सरावतो आणि मग ‘थोडा’ म्हणतो. हे खरे आहे. म्हणून पहिली नोंद उपचाराआधी घ्यावी आणि ठरावीक अंतराने तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवावेत, पण उत्तर सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने देऊ नये. भाषेची अडचण तर टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी पूर्वीच दूर केली आहे; या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती भारतीय रुग्णांवर पडताळून त्यांनी २००५ साली ते काम प्रसिद्ध केले. सर्वांत अवघड प्रश्न तपासणीला न येणाऱ्यांचा. जे येतात त्यांचीच उत्तरे मोजली, तर चित्र खोटे गुलाबी दिसेल. अशांना फोन करून विचारावे, आणि किती जण सुटले तो आकडाही निकालासोबत मांडावा.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एवढा वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. पण पुरवणीतले नेमके पाच-सहा प्रश्न परिचारिकेने विचारायला काही मिनिटे पुरतात. रुग्णाने कळवलेली लक्षणे लगेच परिचारिकेकडे पोहोचवण्याचा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांवर झाला. त्यात मध्यम आयुर्मान २६ महिन्यांवरून ३१.२ महिन्यांवर गेल्याचे २०१७ साली दिसले. ते रुग्ण केमोथेरपीचे होते, त्यामुळे तो आकडा किरणोपचाराला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी त्यातली अट आपल्यालाही लागू आहे: उत्तर ऐकले, की काहीतरी करायला हवे. ‘तोंड उघडत नाही’ असे उत्तर आले की जबड्याचा व्यायाम, ‘भाकरी उतरत नाही’ म्हटले की आहारतज्ज्ञाकडे चिठ्ठी. तेवढे होत नसेल, तर प्रश्नावली फायलीतला आणखी एक कागद ठरेल. जबड्याचा हा व्यायाम घरच्या घरी कसा करायचा आणि तो कधी सुरू करायचा, ते पुढच्या लेखात पाहू.