हरवलेलं मांजर घरी आलं, पण माणसात येईना, काय करावं?

दहा-बारा दिवस शोधाशोध झालेली असते. गल्ली, शेजारचं गोदाम, बांधकाम सुरू असलेली इमारत, सगळीकडे रात्री बॅटरी घेऊन फेऱ्या मारून झालेल्या असतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो फिरलेला असतो. मग एके दिवशी फोन येतो, "तुमचं मांजर आमच्या माळ्यावर बसलंय बघा." मांजर घरी येते. शेजारीपाजारी बघायला जमतात, मुले त्याला उचलून घ्यायला धावतात. मांजर मात्र फिसकारते, नखे काढते आणि कपाटाखाली जे घुसते ते बाहेरच येत नाही. "आम्हाला विसरलं की काय?" असा प्रश्न मग घरात सुरू होतो.

मांजर घरच्यांना सहसा इतक्या लवकर विसरत नाही. त्याची भीती उतरलेली नसते, एवढेच. पण या काळात घरच्यांनी प्रेमापोटी केलेली घाई ती भीती वाढवते. दार उघडे सापडले तर तेच मांजर पुन्हा पळते आणि दुसऱ्यांदा सापडेलच याची खात्री नसते. म्हणून घरी आणल्यानंतरचे पहिले काही दिवस फार सांभाळून काढावे लागतात.

ओळख का दाखवत नाही?

मांजर बिथरून घर सोडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे आवाज. बेळगावची गणेश विसर्जन मिरवणूक, गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर, इंदूरची रंगपंचमीची गेर किंवा बडोद्याची उत्तरायण, माणसांचा उत्सव मांजराच्या कानांना सोसत नाही. एकदा घराबाहेर पडले की ते दडून बसते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरवलेल्या 1200 हून अधिक मांजरांची माहिती तपासली गेली. सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरे घरापासून 500 मीटरच्या आतच मिळाली होती. म्हणजे अनेकदा मांजर फार लांब गेलेले नसते. दडून राहणे आणि आवाज न करणे, हाच त्याचा जीव वाचवण्याचा मार्ग असतो. घरी आल्यावरही ती सवय लगेच सुटत नाही.

दुसरी गोष्ट वासाची. मांजराच्या गालावर, हनुवटीवर आणि कपाळावर गंधग्रंथी असतात. दाराची चौकट, खुर्चीचे पाय, माणसांच्या पोटऱ्या यांना ते तोंड घासते, तेव्हा आपला वास तिथे लावून ठेवते. हा वास म्हणजे त्याच्यासाठी 'हे आपलं घर' अशी खूण. ते बाहेर असताना घरातल्या या खुणा पुसट होतात आणि त्याच्या अंगाला गटाराचा, ऑइलचा, दुसऱ्या मांजरांचा वास लागतो. त्यात पकडताना पोत्यात कोंबले असेल, तर माणसाच्या हाताचीही धास्ती बसते.

जपानमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले होते. मालकाच्या आवाजाला मांजरांनी कान आणि मान वळवून वेगळा प्रतिसाद दिला, पण ती उठून आवाजाकडे गेली नाहीत. कपाटाखालचे मांजर हाकेला येत नाही, म्हणून त्याने आवाज ओळखला नाही असे धरू नये.

पहिले दोन-तीन दिवस: एक खोली, एक खोका

सगळे घर मोकळे न देता एकच शांत खोली द्यावी. खिडक्या बंद असाव्यात. कौलारू घरात भिंत आणि कौलांमधल्या फटीतून मांजर सहज निसटते, म्हणून वरून बंद असलेली खोली निवडावी. एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, त्यापासून लांब पाणी आणि खाणे ठेवावे.

पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा करून आत जुनी गोधडी किंवा घरातल्या माणसाने वापरलेला, न धुतलेला कपडा घालावा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या अभ्यासात, निवारा केंद्रात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके दिले, त्यांच्यावरचा ताण सुरुवातीच्या दिवसांत कमी दिसला. मांजर खोक्यात बसून राहिले तर बसू द्यावे. ओढून बाहेर काढले की दोन दिवसांची कमाई एका मिनिटात जाते.

मळलेले दिसले तरी लगेच अंघोळ घालू नये. अंगाला ऑइल, रंग किंवा रसायन लागले असेल तर मात्र डॉक्टरांना विचारावे, कारण मांजर ते चाटणार. फरशी फिनेलने पुसणे टाळावे. फिनेलसारखी जंतुनाशके मांजराला विषारी ठरतात. ओल्या फरशीवरून चाललेले पाय ते चाटते आणि विष पोटात जाते.

खाणं सुरू झालं का, यावर नजर

पूर्वी जे खात होते तेच, थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. "बिचारं उपाशी आहे" म्हणून ताटभर घातले तर उलटी किंवा जुलाब होतात. दुधाची वाटी पुढे करण्याची आपल्याकडे रीत आहे, पण अनेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले चिकन किंवा काटे काढलेली मासळी चालते. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराला घातक असतो.

चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना फोन करावा. दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिल्यास मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. अंगाने जाड मांजरांना हा धोका जास्त असतो. बरेच दिवस उपाशी राहून हाडे वर आली असतील, तर खाणे कसे सुरू करायचे हे आधी डॉक्टरांनाच विचारावे.

हात नको, आवाज द्या

घरातल्या एकाच माणसाने, शक्यतो जो आधीपासून खायला घालतो त्याने, दिवसातून तीन-चार वेळा त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसावे. मांजराकडे तोंड न करता थोडे आडवे बसावे, हळू आवाजात बोलावे, पेपर वाचावा. मुलांना लांबून शाळेचा धडा वाचायला बसवले तरी चालते. मांजराला त्या आवाजाची पुन्हा सवय होते आणि मुलांचे हातही गुंतून राहतात.

डोळ्यांत डोळे घालून बघू नये, मांजराला ती धमकी वाटते. त्याऐवजी डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले, की माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले तर मांजरेही तसाच प्रतिसाद देतात आणि पुढे केलेल्या हाताकडे येण्याची शक्यता वाढते.

मांजर जवळ आले तर एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरावे. त्याने हुंगून गाल घासला तर गालाजवळ दोन-तीनदा खाजवावे आणि थांबावे. पोटाला हात लावू नये. कान चपटे झाले, बुबुळे मोठी झाली किंवा शेपटी आपटू लागली, तर उठून निघून जावे. शेपटी उभी धरणे, माणसासमोर जेवणे, अंग चाटून साफ करणे, कुशीवर पसरून झोपणे, या सुधारणेच्या खुणा आहेत.

घरात दुसरं मांजर असेल तर

एकत्र वाढलेली मांजरेही परत आलेल्यावर गुरगुरतात, कारण त्याचा वास बदललेला असतो. दोघांना वेगळे ठेवून एकाचे अंथरूण दुसऱ्याला द्यावे. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवायला घालावे. गुरगुर थांबली की दार किंचित उघडून थोडा थोडा वेळ एकमेकांना बघू द्यावे.

दवाखाना आणि सावधगिरी

एकदा तपासणी करून घेणे बरे. तोंड उघडून श्वास घेणे, लंगडणे, सूज, जखमेतून पू, सतत झोपून राहणे ही लक्षणे दिसली तर थांबू नये. बोका ट्रेमध्ये बसून जोर करतोय पण लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. नसबंदी न झालेली मांजरी असेल तर ती गाभण असू शकते. मांजरीचा गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो.

ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नये, मांजराला ती प्राणघातक ठरते. कुत्र्याच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली औषधेही तशीच.

मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बाहेर राहून आलेल्या मांजराच्या बाबतीत रेबीजचा विचार करावाच लागतो, "घरचंच तर आहे" म्हणून सोडून देऊ नये.

किती दिवस लागतात?

कुणी दोन दिवसांत मांडीवर येते, कुणाला महिना-दोन महिने लागतात. एका खोलीत मांजर निवांत झाले की दुसरी खोली, मग सगळे घर, असा क्रम ठेवावा. मध्येच कुकरची शिट्टी किंवा फटाका वाजला आणि ते परत खोक्यात गेले, तर एक पायरी मागे यावे. अंगणात किंवा परड्यात सोडायची घाई नको. गळ्यात सहज सुटणारा पट्टा आणि त्यावर फोन नंबर घालावा. मायक्रोचिप बसवली तरी ती मांजर कुठे आहे हे दाखवत नाही, यंत्राने तपासल्यावर फक्त नोंदीचा क्रमांक कळतो.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी या मांजराची गत असते. एखाद्या संध्याकाळी घरचे जेवायला बसलेले असताना ते आपणहून दारात येईल, चौकटीला गाल घासेल आणि ताटांकडे बघत उभे राहील. तेव्हा "आलं, आलं" म्हणून कुणी ओरडू नये. जेवण चालू ठेवावे.