दगडातले वासरू

इजिप्त म्हटले की आपल्याला पिरॅमिड आठवतात. पण पिरॅमिड तर राजांचे. शेतकरी, गुराखी, सुतार यांची कामे कुठे बघायची? ती तिथल्या चुनखडीच्या दगडावर कोरलेली आहेत. त्यांची माहिती मी सांगतो.

कैरो शहराजवळ सक्कारा नावाचे ठिकाण आहे. तेथे टी नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे. टी म्हणजे चहा नव्हे बरं का, ते माणसाचे नाव! तो राजाच्या पिरॅमिडांवर देखरेख करायचा. ही कबर सुमारे ४४०० वर्षांपूर्वीची आहे.

चुनखडीचा दगड मऊ असतो. कारागीर आधी भिंतीवर लाल रेघांनी चित्र काढत. चुकलेले काळ्या रंगाने दुरुस्त करत. मग तांब्याच्या छिन्नीने चित्राच्या आजूबाजूचा दगड खरवडत. त्यामुळे चित्र वर उठून येई. शेवटी रंग देत.

या भिंतींवर कोणी विळ्याने पीक कापतो, कोणी गाढवावर ओझे लादतो. खळ्यात जनावरे धान्य तुडवतात. सुतार होडी बनवतात. टी मात्र सगळ्यांपेक्षा मोठा काढलाय, कारण तो साहेब! त्या लोकांना वाटे की मेल्यावरही माणसाला अन्न लागते. म्हणून शेती, गुरे सगळे कोरून ठेवत, म्हणजे त्याला काही कमी पडणार नाही.

मला सगळ्यात आवडले ते गुरांचे चित्र. गुरे पाण्यातून पलीकडे चालली आहेत. पुढच्या गुराख्याच्या पाठीवर लहान वासरू आहे. ते मान वळवून मागच्या गाईकडे बघतंय आणि गाय हंबरतेय. गुराखी हुशार आहे. वासरू बुडत नाही, आणि वासरू पुढे गेले की गाय आपोआप मागे येते. गाय आली की बाकीची गुरे पण येतात. ज्यांच्या घरी गाय आहे त्यांना हे लगेच कळेल.

ते राजे गेले, टी साहेबही गेला. वासरू अजून आईकडे बघतंच आहे.

पण मऊ दगड हात लावून लावून झिजतो, रंगही जातो. म्हणून जुनी कोरीव चित्रे कुठेही दिसली तर लांबून बघा. त्यांना हात लावू नका आणि त्यांच्यावर आपले नाव तर मुळीच कोरू नका.