बाहुलीभोवतीचे कडे

बाळाला अंगणात आणले की ते डोळे गच्च मिटून घेते. ऊन लागत असेल, असे घरच्यांना वाटते. डॉक्टर बॅटरी धरून पाहतात, तर बाहुलीभोवतीचे रंगीत कडेच नाही! मग उजेड अडवणार कोण? या व्यंगाला अॅनिरिडिया म्हणतात. चाळीस हजार ते एक लाख जन्मांत असे एखादेच बाळ असते.

आणि मग सासूबाई सुरू होतात: हिने ग्रहण पाळलं नाही, विळीला हात लावला.

ग्रहणाचा इथे काही संबंध नाही, बरं का. डोळा गर्भात घडतो तेव्हा त्या कामावर एक मुकादम असतो. अकराव्या रंगसूत्रावरचे पॅक्स-६ हे जनुक तो मुकादम. संशोधकांना ते १९९१ साली सापडले. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडली, की उरलेलीला काम पुरे पडत नाही.

पिकल्या केळ्यांभोवती चिलटे जमतात ना? त्या फळमाशीची डोळे नसलेली एक जात १९१५ सालीच नोंदली गेली होती. १९९४ साली स्वित्झर्लंडात बाझेल येथे वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत तिचे बिघडलेले जनुक तपासले, तर ते पॅक्स-६चेच भावंड निघाले! पुढच्याच वर्षी त्यांनी ते जनुक माशीच्या पायांत नि पंखांत जागे केले. तिथे डोळे उगवले! उंदराचे जनुक घातले तरी डोळा झाला माशीचाच. मुकादम परका, पण गवंडी गावचे.

घरच्यांना याचा उपयोग काय? डोळा पूर्ववत होत नाही, हे खरे. पण पॅक्स-६च्या शेजारी मूत्रपिंडाच्या गाठीपासून राखण करणारे एक जनुक आहे. ही गाठ नि हे व्यंग काही मुलांत एकत्र आढळते, हे अमेरिकेत १९६४ साली ध्यानात आले होते. रंगसूत्राचा तुकडाच गळाला, तर दोन्ही जनुके जातात. अशा बाळाच्या पोटाची सोनोग्राफी पहिली काही वर्षे दर तीन महिन्यांनी करतात. गाठ लहान असतानाच सापडली तर उपचार होतात. शेजारी शाबूत असेल, तर ती धास्ती नको.

आईबापांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा. पण सुमारे एकतृतीयांश मुलांत तो नव्यानेच उपजतो; आईबापांचे डोळे अगदी धड असतात. म्हणून रक्त तिघांचेही घेतात, बाळाचे, आईचे आणि बापाचेही.