नव्या बाजाराची ओळख – लेखांक ७ : ॲपची पूर्वनोंदणी आणि तिच्या जाहिरातीचा जमाखर्च

गेल्या लेखांकात मोबाइल ॲप तयार करण्यास लागणाऱ्या खर्चाचा विचार आपण केला. ते ॲप लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच त्याच्या पूर्वनोंदणीसाठी पैसे मोजून जाहिरात करणे कितपत फायद्याचे, हा आजचा प्रश्न आहे. निंबर्ग्यासारख्या गावी बसून आळंद तालुक्यातील तुरीच्या बाजारभावाचे ॲप काढू पाहणाऱ्या तरुणाला तो पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांपेक्षाही निकडीचा आहे. कारण त्याचे भांडवल तुटपुंजे, आणि वाया गेलेली रक्कम भरून काढण्याची दुसरी तजवीज त्याच्यापाशी नसते.

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. गूगलच्या प्ले स्टोअरवर प्रकाशनापूर्वी ॲपचे पान उघडता येते. इच्छुकाने तेथील बटण दाबले म्हणजे त्याची नोंद होते, प्रकाशनाच्या दिवशी त्याला सूचना जाते, आणि त्याने तशी संमती दिलेली असून फोनही त्यास योग्य असल्यास ॲप आपोआप उतरते. ॲपलनेही अशी सोय डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केली. या नोंदण्या मिळवण्यासाठी गूगलवर स्वतंत्र जाहिरात-मोहीम चालवता येते, आणि एका नोंदणीमागे सुमारे किती खर्च करावयाचा हे जाहिरातदार सांगू शकतो.

पूर्वनोंदणी महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, ते त्यासाठी काढलेल्या मंडळीचे (कंपनीचे) भाग विकून आणि खंड छापून होण्यापूर्वीच वर्गणीदार मिळवून. तेथे वाचकाचा पैसा कर्त्याकडे येत होता, आणि त्या पैशावरच कार्य पुढे सरकत होते. आजच्या विनामूल्य ॲपच्या पूर्वनोंदणीत ग्राहक एक छदामही देत नाही. उलट त्याच्या होकारासाठी कर्ताच जाहिरातीचे पैसे मोजतो. इसार न घेता तुरीचा सौदा तोंडी ठरवावा आणि वर गिऱ्हाइकाचे गाडीभाडेही आपणच द्यावे, तसा हा व्यवहार आहे. होकार खोटा असतो असे नव्हे. पण तो पाळण्याचे बंधन कोणावरही नसते.

याची साक्ष अलीकडच्या दोन भारतीय खेळांत मिळते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी या मोबाइल खेळावर भारतात बंदी आली, आणि दोनच दिवसांनी अभिनेता अक्षय कुमार याने बंगळूरच्या एनकोर गेम्सचा 'फौजी' हा खेळ जाहीर केला. ३० नोव्हेंबरला नोंदणी खुली होताच पहिल्या चोवीस तासांत १० लाखांवर नोंदण्या झाल्याचे कंपनीने सांगितले. या नोंदण्यांमागे जाहिरातीपेक्षा त्या काळची प्रबळ लोकभावना होती. परंतु २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ प्रसिद्ध झाल्यावर, पबजीसारख्या सामन्याची अपेक्षा बाळगून आलेल्या अनेकांची निराशा झाली, आणि प्ले स्टोअरवरील त्याचे गुणांकन थोड्याच दिवसांत घसरले. पुण्याच्या सुपरगेमिंगने 'इंडस' या खेळाची नोंदणी जानेवारी २०२३ मध्ये खुली केली. नोंदण्यांनी १ कोटीचा आकडा ओलांडला, तरी खेळ सर्वांसाठी खुला झाला तो १६ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधल्या काळात निवडक खेळाडूंकडून चाचण्या घेत कंपनीला लोकांची उत्सुकता जागती ठेवावी लागली. एवढी मजल लहान कर्त्याच्या आवाक्यातील नाही.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका पूर्वनोंदणीस १० रुपये पडतात आणि प्रकाशनानंतरच्या जाहिरातीतून एक ॲप उतरवून घेतले जाण्यास २० रुपये. १०,००० रुपयांत १,००० नोंदण्या मिळाल्या, पण त्यांतील ३०० जणांनीच ॲप उतरवले, तर दर माणसी खर्च ३३ रुपयांवर गेला. तेच पैसे प्रकाशनानंतर खर्चले असते तर ५०० माणसे आली असती. ७०० जणांनी उतरवले, तर मात्र खर्च १४ रुपयांच्या आसपास येतो आणि पूर्वनोंदणी सरस ठरते. म्हणजे या दरांत निम्म्याहून अधिक नोंदणीदारांनी शब्द पाळला तरच व्यवहार फायद्याचा. शिवाय ॲप उतरवणारा माणूस महिन्याभरानंतरही ते उघडतो की नाही, हे प्रकाशनानंतरच कळते. तोवर जाहिरातीतील दोष दुरुस्त करण्यास कसलाच आधार हाती नसतो.

होकार टिकतो केव्हा, याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे. मृगात पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते. अडत दुकानातील दर रोज पाहण्याची निकड तेव्हा उत्पन्न होते. भाद्रपदात जाहिरात पाहून बटण दाबणारा शेतकरी पौषापर्यंत ते विसरून जाईल. तेच आवाहन काढणीच्या तोंडावर, ॲप तयार असताना आणि प्रकाशनाची तारीख पक्की असताना, पंधरा दिवस आधी केले, तर निकड आणि सूचना यांची गाठ पडेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ज्याची प्रतीक्षा लोक आधीपासूनच करीत आहेत अशा वस्तूसाठी, मुदत निश्चित असेल तरच, पूर्वनोंदणीची जाहिरात करावी. नोंदणीचे पान सर्वांनीच उघडावे, कारण त्याला गूगल निराळी रक्कम आकारत नाही. ओळखीचे शेतकरी, अडते, बाजार समितीचे आवार येथून मिळतील तेवढी नावे फुकट मिळवावीत. जाहिरातीसाठी ठेवलेल्या पैशाचा मोठा वाटा मात्र प्रकाशनानंतरच्या पहिल्या महिन्यासाठी राखून ठेवावा. नवशिक्या कर्त्याला आकड्यांच्या फुगवट्यापेक्षा रोज ॲप उघडणारी शंभर माणसे अधिक मोलाची आहेत. त्याच्या पुढच्या सुधारणा त्यांच्याच तक्रारींतून निघणार आहेत.

ती शंभर माणसे टिकवावीत कशी, याचा विचार पुढील लेखांकात करू.