बिले जुळवणारा रोबो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोबो म्हटले की वेल्डिंग करणारा लोखंडी हात डोळ्यांसमोर येतो. सॉफ्टवेअर रोबोला हातच नसतो. लॉगिन करायचे, स्क्रीनवरचा आकडा उचलायचा, दुसऱ्या रकान्यात भरायचा आणि सेव्ह करायचे, हे माणसाचे काम ठरलेल्या क्रमाने करणारा तो एक प्रोग्रॅम. त्यामुळे त्याची जागा शेडमध्ये नाही, कचेरीत आहे. कोविडच्या महासाथीत नेमकी हीच जागा अडली. नागपूरचेच उदाहरण घ्या : माल बनतो हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक भागांत, पण हिशेब आणि करसल्ल्याचे बरेच काम शहरातल्या रामदासपेठेसारख्या भागांत चालते. २० एप्रिल २०२० पासून महापालिका हद्दीबाहेरच्या उद्योगांना अटींसह मुभा मिळाली. शहरातल्या खासगी कार्यालयांना मात्र ८ जूनपासूनच्या टप्प्यातही दहाच टक्के उपस्थिती मंजूर होती. माल निघू शकत होता, पण त्याचा कागद पुढे सरकवणारी माणसे घरी होती.

हे काम रोबोकडे सोपवता येईल, या कल्पनेतूनच ‘रोबो बसवला की माणूस लागत नाही’ हा गैरसमज पसरला. समजा, ऑर्डर ५०० बेअरिंगची आहे, स्टोअरच्या जीआरएनवर (माल मिळाल्याच्या नोंदीवर) ४८० आहेत आणि पुरवठादाराचे बिल ५०० चे आले आहे. तिन्ही आकडे जुळले तर रोबो बिल पुढे पाठवेल, न जुळले तर बाजूला काढेल. पण वीस नग नापास झाले की मागच्या ट्रकने येणार आहेत, हे स्टोअरकीपरच सांगू शकतो. शिवाय जीआरएन कार्बन कॉपीच्या पुस्तकातच पडून असेल, तर ते स्कॅन करायला कोणीतरी कारखान्यात जायलाच हवे. नियमच चुकीचा दिला असेल, तर तीच चूक शंभर बिलांत बिनबोभाट होते.

‘हे मोठ्या कंपन्यांचे काम, आपले नाही,’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जीएसटीतील ई-इन्व्हॉइसची, म्हणजे डिजिटल बिलाची, सक्ती १ ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींवरच्या उलाढालीला लागू झाली, १ जानेवारी २०२१ ला शंभर कोटींवर आणि १ एप्रिल २०२१ ला पन्नास कोटींवर आली. कागद डिजिटल होण्याची लाट त्यानंतरही खाली सरकत गेली. मात्र प्रत्येकाला रोबोच लागतो असेही नाही. दोन प्रणालींत माहितीची थेट देवाणघेवाण होत असेल, तर स्क्रीनवर क्लिक करणारा रोबो हा दुय्यम पर्याय ठरतो, कारण पोर्टलची मांडणी बदलली की तो अडखळतो आणि कॅप्चा तर त्याला अडवण्यासाठीच असतो. छोट्या कारखान्याचे काम अनेकदा एक्सेलच्या मॅक्रोवरही भागते.

थोडक्यात, रोबो शिस्त आणत नाही, असलेल्या शिस्तीला वेग देतो. म्हणून खरेदीआधी एक करा : बिल मंजूर करण्याचे तुमचे नियम एका पानावर लिहून काढा. ते लिहिता आले नाहीत, तर आधी कचेरी सुधारा; रोबो नंतर घ्या.